मोठा कार्बोरेटर, मोठी लूट



कपाशीवर बोंडअळी दिसली की नेमका त्याच दिवशी पाठीवरचा पेट्रोल पंप बंद पडतो. दुकानदार कार्बोरेटर बदलायला सांगतो आणि मूळच्यापेक्षा मोठा हातात देतो. ‘मोठाच घ्या, जोर वाढेल.’ चार दिवसांत पिस्टन जाम झाला, की तोच म्हणतो, ‘तुम्ही ऑइल कमी टाकलं.’ माल त्याचा, चूक तुमची!

शेतकीची पदवी असून आम्हीही ही थाप ऐकून एक सिलिंडर घालवला आहे. म्हणून हिशेब मांडतो.

इंजिन किती हवा ओढणार, हे सिलिंडर आणि त्याचं इनटेकचं भोक ठरवतं. कार्बोरेटर मोठा लावल्यानं ते भोक मोठं होत नाही. समजा, मूळ गळा १२ मि.मी.चा होता, नवा १६ चा आला. क्षेत्रफळ पावणेदोन पट झालं. हवा जवळपास तेवढीच, म्हणजे तिचा वेग निम्म्याच्या आसपास आला. पाणी अरुंद घळीतून धावतं, पसरट पात्रात सुस्तावतं, तसंच हे. पण जेटमधून पेट्रोल ओढून घेतो तो हा वेगच, आणि ओढ वेगाच्या वर्गानं घटते. तिसरा हिस्साही उरत नाही. पेट्रोल कमी, हवा जास्त, इंजिन तापतं. टू-स्ट्रोकला वेगळं वंगण नसतं, ते पेट्रोलबरोबरच आत जातं. लिटरला मोजून घातलेलं तुमचं ४० मिली ऑइल मग टाकीतच बसून राहतं!

मोठा जेट टाकून पूर्ण थ्रॉटलला थोडं सावरेल, हळू चालवताना इंजिन घुटमळणारच. शिवाय १६ च्या तोंडासमोर १२ चं भोक म्हणजे मध्ये पायरी. तिथे पेट्रोलचे थेंब साचतात. (फार लहान कार्बोरेटरनं इंजिन गुदमरतं, तोही उपाय नव्हे.)

बियाण्याच्या पिशवीवर उगवणीचा टक्का छापावा लागतो. मग कार्बोरेटरच्या खोक्यावर गळ्याचं माप का नको? दुकानदाराकडे मागा, पावतीवर लिहून घ्या. मोजायला काही नसेल, तर ड्रिलच्या पात्याची गुळगुळीत दांडी जुन्या गळ्यात घालून पाहा. तिथे नेमकी बसणारी दांडी नव्यात डुगडुगली, तर माल तिथल्या तिथे परत करा.

जिल्हा बैठकीला येताना जुने-नवे कार्बोरेटर आणि जाम झालेले पिस्टन पिशवीत घालून आणा. व्हर्नियर आम्ही आणतो.