लाडवाचा डबा कुणाच्या दारात?

दसरा जवळ आला की तेलंगणातल्या आमच्या बेल्लमपल्लीत एकच विषय चालतो, यंदा सिंगरेणी कोळसा कंपनीने नफ्यातला वाटा किती टक्के दिला. तो पैसा हातात पडतो, मागोमाग दिवाळीचा बोनस येतो आणि बाजारातली मिठाईची दुकानं रात्री उशिरापर्यंत उघडी राहतात. बतुकम्माच्या सणाला घरोघरी मलीदा होतो. चंद्रपूर-राजुऱ्याकडून येऊन इथे स्थायिक झालेल्या आमच्यासारख्या मराठी घरांत करंज्या, अनारसे, बेसनाचे लाडू होतात, शेजारच्या तेलुगू घरांत गर्जलु आणि अरिसेलु. ताटं इकडून तिकडे जातात आणि आलेलं ताट रिकामं परत पाठवायचं नाही ही रीत दोन्हीकडे आहे. त्यामुळे एखादीने स्वतः काही केलं नाही तरी तिच्या फडताळात गोड साठतंच.

या साठवणीबद्दल मला बोलायचं आहे. वजन कमी करायचं तर घरातलं गोड आधी बाहेर काढा, हा सल्ला आता सगळेच देतात, आणि तो बरोबर आहे. पण बाहेर काढलेलं ते गोड जातं कुठे, याचा विचार फार थोडे लोक करतात.

मी लग्न होऊन या गावात आले तेव्हा माझे सासरे कोल फिलर होते. तट्टा-चेम्मसचं काम, म्हणजे टोपली आणि फावडं. खाली उतरायचं, फोडलेला कोळसा टोपलीत भरायचा, उचलून टबात ओतायचा आणि परत वळायचं. ड्युटीवरून आले की त्यांच्या गळ्यावरचा घाम कोळशाच्या रेषा ओढत खाली उतरलेला असायचा. अंघोळ करून ते ओसरीवर बसले की सासूबाई पत्र्याच्या डब्यातून दोन लाडू काढून त्यांच्यापुढे ठेवत. त्या लाडवांचं सासऱ्यांच्या अंगावर कधी काही दिसलं नाही, कारण दुसऱ्या दिवशीच्या पाळीत ते जळून जात होते. सासूबाईंचा डबा त्या कष्टाच्या मापाचा होता.

पुढे कोळसा भरायला यंत्रं आली. गावातल्या बहुतेक खाणी बंद झाल्या, कामं गोलेटी, मंदमर्री, श्रीरामपूरकडे सरकली. ज्यांनी अंगमेहनत केली ते निवृत्त होऊन क्वार्टरसमोर खुर्ची टाकून बसले आहेत आणि त्यांची मुलं हैदराबादला संगणकापुढे. डब्याचा आकार मात्र कुणी बदलला नाही. उलट त्याच्या शेजारी बिस्किटांचा डबा आला, मुलांनी आणलेले मिठाईचे खोके आले, शीतपेयाची मोठी बाटली आली.

माझे यजमान त्याच खुर्चीवर बसणाऱ्यांपैकी. त्यांची तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी तपासणी ६.१ आली. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा. डॉक्टरांनी वजनाआधी कंबर मोजली. आपल्याकडच्या पुरुषांसाठी ९० सेंटिमीटर आणि बायकांसाठी ८० ही हद्द धरतात. त्यांची ९७ भरली. दिसायला ते जाडे नाहीत, म्हणून घरात कुणाला खरं वाटेना. पण हे आपल्या अंगातच आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचा आणि लंडनच्या जॉन युडकिन यांचा फोटो शेजारीशेजारी छापला होता. उंचीच्या मानाने वजनाचा दोघांचा निर्देशांक अगदी सारखा, २२.३. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिक यांच्या २१.२ टक्के. आपण किडकिडीत दिसत असतानाही पोटात चरबी धरून असतो. ‘आमच्या घरात कुणी लठ्ठ नाही’ हे म्हणणं म्हणूनच पुरेसं नाही.

आम्ही घरातलं गोड काढायचं ठरवलं तेव्हा नणंदबाई म्हणाल्या, “वहिनी, डबा असू द्या की. दादांनी मन घट्ट करावं.” हे मला मुळीच पटत नाही. अमेरिकेत स्टॅनफर्डला वॉल्टर मिशेल यांनी लहान मुलांवर केलेले खाऊचे प्रयोग प्रसिद्ध आहेत. थांबलास तर जास्त मिळेल, असं सांगून मुलाला खोलीत एकटं बसवायचं. १९७० साली त्यांनी आणि एब्बेसन यांनी छापलेल्या निष्कर्षात एक साधी गोष्ट आहे. खाऊ डोळ्यांसमोर ठेवला की मुलं लवकर हार मानत आणि तो नजरेआड केला की मुलं कितीतरी जास्त वेळ थांबत. दुपारी अडीचला, घरात सगळे निजलेले असताना, साठी ओलांडलेल्या माणसाने फडताळातल्या डब्याशी रोज झुंजत राहावं ही अपेक्षा निर्दयपणाची आहे. आणि बहुतेक घरांत तो डबा भरणारी, पाहुण्यांसाठी राखणारी, पोरांना काढून देणारी बाई असते. वजन तिलाही कमी करायचं असतं. दिवसातून दहादा झाकण उघडायचं, खायचं मात्र नाही, हा तिच्यावरचा ताण कुणी मोजत नाही.

म्हणून डबा जायलाच हवा. पण आमच्या कॉलनीत मी जे पाहते ते असं. घरात कुणाची साखर वाढली की उरलेले लाडू, जिलेबी, केकचा तुकडा पिशवीत भरून भांडीवालीच्या हातात दिला जातो. “अक्का, पिल्ललकु इव्वु,” म्हणजे पोरांना दे. अन्न वाया गेलं नाही, दानही झालं, वजनही उतरेल. देणाऱ्याच्या मनात खोट नसते हे मला ठाऊक आहे. तरीही हे थांबलं पाहिजे असं मी कळकळीने म्हणते. जे आपल्या नवऱ्याला विष वाटतं, ते तिच्या पोरांना औषध कसं होईल?

मधुमेह श्रीमंतांचा रोग, ही समजूत जुनी झाली. आयसीएमआरच्या देशव्यापी पाहणीतून २०१७ साली आलेल्या आकड्यांत, आर्थिकदृष्ट्या पुढारलेल्या राज्यांच्या शहरांमध्ये मधुमेहाचं प्रमाण गरिबांत जास्त आढळलं. त्याच पाहणीच्या २०२३च्या अहवालाने देशात १० कोटींवर मधुमेही असल्याचं सांगितलं. भांडीवालीकडे दर तीन महिन्यांनी तपासणी करायला पैसा नाही, पायाची जखम चिघळली तर कामाचा खाडा परवडत नाही. आपल्या घरातून निघालेली साखर तिच्या घरात जाऊन मुक्काम करणार असेल, तर आपण घर स्वच्छ केलं असं म्हणू नये. तिला द्यायचंच असेल तर डाळ द्या, शेंगदाणे द्या, अंडी द्या, रोख पैसे द्या. सणाला गोड द्यायचं तर सणाच्या दिवशी, आपल्या पोरांना वाढतो तसं ताजं आणि तेवढंच.

आवर घालायचा तो शेगडीपाशी आणि दुकानाच्या पायरीवर. आमच्याकडे आता गोड सणाला होतं, त्या दिवशी पुरेल इतकंच होतं आणि रात्री पातेलं घासून पालथं पडतं. पुरणपोळी मी सोडलेली नाही, सोडणारही नाही. पोळ्याला दुपारी गरम पोळीवर तुपाची धार धरते आणि यजमानांच्या पानात एक वाढते. त्या एका पोळीने कुणाची कंबर वाढत नाही. कंबर वाढते ती पुढचे पंधरा दिवस चहाबरोबर तोंडात टाकलेल्या तुकड्यांनी. गूळ घातला म्हणजे चालतं, या भ्रमातही राहू नये. गुळातही मुख्यतः साखरच असते. आपल्याच हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४च्या आहार-मार्गदर्शनात साखरेची दिवसाची मर्यादा २० ते २५ ग्रॅम सांगितली आहे. सपाट पाच चमचे. चार वेळा गोड चहा पिणाऱ्याचे ते चहातच संपतात.

पाहुण्यापुढे काय ठेवायचं, हा प्रश्न आमच्या बायकांना खरोखर छळतो. भाजलेले शेंगदाणे, फुटाणे, मठ्ठा, पावसाळ्यात मक्याचं कणीस ठेवा. पहिल्यांदा चमत्कारिक वाटतं, तिसऱ्या खेपेला पाहुणाच मठ्ठा मागतो. बतुकम्माच्या ताटाची रीतही मोडायला नको. ताट भरलेलंच जाऊ दे, पण त्यात एक करंजी आणि बाकी पेरू, काकडी, भिजवलेल्या हरभऱ्याची उसळ. गेल्या खेपेला मी असं ताट पाठवलं तेव्हा शेजारणीने दारातच विचारलं, “अक्का, ही कल्पना कुणाची?” तिच्या घरी दोघांना साखर आहे.

निवृत्तीच्या सत्काराला, बोनसच्या दिवशी, युनियनच्या कार्यक्रमात मिठाईचे खोके वाटणाऱ्यांनाही माझी हीच विनंती आहे. हार घाला, शाल द्या, आणि खोक्याऐवजी शेर-दोन शेर तूरडाळ द्या. ती डाळ ज्या घरात जाईल तिथे शिजेल, आणि घरातल्या प्रत्येकाला खाता येईल.