अक्षतांनंतरची सात पावले

तुळशीचे लग्न लागले की घराघरांत याद्या होऊ लागतात. आहेराची यादी, पंक्तीची यादी, मांडववाल्याशी बोलावयाच्या गोष्टींची यादी. मराठीचे अध्यापन हा आमचा व्यवसाय असल्याने आमच्याकडे मात्र या दिवसांत निराळीच मागणी येते : ‘मास्तर, दोन मंगलाष्टके करून द्या, दोन्ही घरांची नावे त्यांत बसवा.’ अलीकडे त्यास एक पुस्ती जोडलेली असते : ‘व्याही गुजराती आहेत. लग्न आपले वाटले पाहिजे, आणि त्यांनाही परके वाटता कामा नये.’ बडोद्यात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी घरांपुढचा हा खरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर सजावटीत सापडणार नाही. ते विधीतच शोधावे लागेल.

प्रथम विवाह होतो कधी, हे पाहू. उभय पक्ष हिंदू असल्यास १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याप्रमाणे वर वा वधू यांपैकी कोणत्याही एका पक्षाच्या रूढ विधींनी लग्न लागू शकते. आणि त्या विधींत सप्तपदी असेल, तर सातवे पाऊल पडताच विवाह पूर्ण व बंधनकारक होतो. विधी झालेच नसतील, तर केवळ नोंदणीच्या दाखल्याने हिंदू विवाह सिद्ध होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ साली स्पष्ट केले आहे. आता आपले कार्यालय डोळ्यांपुढे आणा. अक्षता पडल्या, वाजंत्री वाजली, की सारा मांडव पंगतीकडे वळतो. होमापाशी उरतात भटजी, मामा, करवली आणि छायाचित्रकार. ज्या पावलाने लग्न होते, ते पाहावयास आपण कोणी तेथे नसतो!

म्हणून आमची पहिली सूचना अशी, की सप्तपदीच्या वेळी पंगत थांबवावी आणि पाहुण्यांना होमाभोवती बसवावे. अन्न, बळ, धन, सुख, संतती आणि ऋतू यांसाठी सहा पावले झाल्यावर सातव्या पावलाला वर वधूला म्हणतो, की तू माझी सखी हो. इतका साधा हा आशय आहे. प्रत्येक पावलाआधी त्याचा अर्थ एकदा मराठीत व एकदा गुजरातीत सांगावा. आपल्याकडून आत्याने सांगावा, त्यांच्याकडून काकांनी. यास पाव घटकेहून फार वेळ लागत नाही. मंत्रांचा अर्थ यजमानास कळावा, ही अपेक्षा आपल्या गावास नवी नाही. सयाजीराव महाराजांच्या राज्यात १९१५ साली पुरोहितांसाठी कायदा झाला, तो याच विचारातून.

दुसरी सूचना निवडीची. दोन्ही घरांचे सगळे विधी एकापुढे एक मांडले, तर दिवस पुरत नाही आणि मनात काही राहतही नाही. लग्नाच्या महिनाभर आधी दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांनी पुरोहितांसह एकत्र बसावे. अंतरपाट त्यांच्याकडेही असतो, सप्तपदीही असते. असे समान विधी एकदाच करावेत, पण सावकाश करावेत. मग आपली मंगलाष्टके घ्यावीत, त्यांचे मंगलफेरे घ्यावेत. याला कोणी शास्त्राचा आक्षेप घेतलाच, तर आश्वलायन गृह्यसूत्राकडे बोट दाखवावे. देशोदेशींचे व गावोगावचे आचार नाना प्रकारचे असतात आणि विवाहात ते पाळावेत, असे सूत्रकारांनीच सांगून ठेवले आहे.

मंगलाष्टकांविषयी थोडे. ती बहुधा शार्दूलविक्रीडितात असतात. चरणात एकोणीस अक्षरे, बाराव्या अक्षरावर यती. वृत्त जमत नसेल, तर ओढाताण करू नये. साध्या ओवीतही आशीर्वाद मावतो. मात्र नातलगांच्या नावांची जंत्री म्हणजे मंगलाष्टक नव्हे. मुलीला लहानाची मोठी करणाऱ्या आजीच्या हातांचा उल्लेख एका चरणात आला, तरी श्रोत्यांचे डोळे ओलावतात. या पद्यांचे सामर्थ्य जोतीराव फुल्यांनी ओळखले होते. सत्यशोधक पद्धतीचे विवाह १८७३ च्या डिसेंबरात सुरू झाले, आणि जोतीरावांनी रचलेल्या मंगलाष्टकांत वधू व वर स्वतःच एकमेकांशी बोलतात. वधू स्त्रियांचे हक्क मागते. आपल्या लग्नात आपण बोलावे, ही कल्पना मराठीत अशी जुनीच आहे.

ज्यांना होमहवन नको असेल, त्यांच्यासाठी १९५४ चा विशेष विवाह कायदा आहे. त्याचे वेळापत्रक नीट ध्यानात ठेवावे. दोघांपैकी एकाचे त्या जिल्ह्यात निदान तीस दिवस वास्तव्य हवे. नोटिशीनंतर हरकतींसाठी तीस दिवस जातात. नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांत लग्न लागले नाही, तर नवी नोटीस द्यावी लागते. साक्षीदार तीन लागतात. पद्धती कोणतीही चालते. मात्र अधिकारी व साक्षीदार यांच्यासमक्ष परस्परांचा स्वीकार केल्याचे वाक्य दोघांनीही उच्चारावेच लागते. आणि हे वाक्य उभयतांना समजणाऱ्या कोणत्याही भाषेत म्हणता येते! तेव्हा कचेरीतल्या लग्नातही मराठीस मज्जाव नाही. ते वाक्य आधी घरी चार वेळा म्हणून पाहावे, म्हणजे ऐन वेळी ओठ अडखळणार नाहीत.

परप्रांतात भाषा टिकवायची कशी, अशी चिंता आपण सभांतून वाहतो. आयुष्यातले सर्वांत मोठे वचन ज्या भाषेत दिले, ती भाषा सहसा विसरली जात नाही. तेव्हा यंदाच्या लग्नसराईत यादी करताना पहिल्या ओळीत मांडववाल्याचे नाव घालू नका. दोन्ही घरांना कळेल अशा शब्दांत त्या सात पावलांचा अर्थ कोण सांगणार, ते नाव आधी लिहा.