'सर्व्हर डाऊन' म्हणजे नेमके कोण?

खात्यातून पैसे कापले जातात, समोरच्याला पोचत नाहीत आणि काउंटरवरून उत्तर येते, 'सर्व्हर डाऊन आहे.' जणू सर्व्हर पाऊसपाण्यासारखा! या उत्तराआड अनेकदा एका प्रोग्रामरची बेफिकिरी लपलेली असते.

समजा फी एका डेटाबेसमध्ये जमा होते आणि पावती दुसऱ्यात. दोन्ही कामे एकत्रच व्हावीत किंवा एकही होऊ नये, असे हवे असेल तर दोन्ही कनेक्शनची त्या व्यवहारात नोंद व्हावी लागते. याला एन्लिस्ट करणे म्हणतात. मग समन्वयक आधी प्रत्येकाला 'तयार आहात का?' विचारतो. सगळ्यांचा होकार आला तरच व्यवहार पक्का, एकाचा नकार आला की सगळे रद्द. ही टू-फेज कमिटची रीत जिम ग्रे यांनी १९७८ सालीच लिहून ठेवली आहे.

आता गंमत पाहा. मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेटमध्ये ट्रान्झॅक्शनस्कोपच्या आत उघडलेले एसक्यूएल सर्व्हरचे कनेक्शन आपोआप नोंदले जाते. स्कोपच्या आधी उघडलेले मात्र नाही. त्याची नोंद एन्लिस्टट्रान्झॅक्शन वापरून स्वतः करावी लागते. कनेक्शन स्ट्रिंगमध्ये 'एन्लिस्ट=फॉल्स' असेल तरी आपोआप नोंद होत नाही. आणि अशा वेळी कसलाही एरर येत नाही! हजेरीपटावर नाव नसलेला मुलगा वर्गात बसलेला असतो, बाहेरून वर्ग भरलेलाच दिसतो. व्यवहार रद्द झाला की नोंदलेले मागे फिरते, न नोंदलेले तसेच राहते. फी कापलेली, पावती गायब.

यावर हुशार मंडळी म्हणतात, 'सर, ही पद्धत जुनी झाली. लॉक अडकतात, समन्वयकच बंद पडला तर होकार दिलेले सगळे ताटकळतात.' खरे आहे. पॅट हेलँड यांनी २००७ मध्ये या पद्धतीशिवाय कसे जगायचे यावर निबंधच लिहिला. पण ती सोडली की उलट नोंदी, पुन्हा प्रयत्न, रोजचा ताळमेळ हे सगळे स्वतः लिहावे लागते. आपल्याकडे पहिली सोडतात आणि दुसरे लिहीत नाहीत. जुन्याला नावे ठेवायची फॅशन तेवढी उचलतात.

हिशोब मग ग्राहकाच्या अंगावर येतो. रिझर्व्ह बँकेला सप्टेंबर २०१९ मध्ये फसलेल्या व्यवहारांसाठी मुदती ठरवाव्या लागल्या. एटीएममधून पैसे निघाले नाहीत पण खात्यातून कापले गेले, तर पाच दिवसांत परत, उशीर झाल्यास दिवसाला १०० रुपये. पण शाळेच्या फीचे किंवा दवाखान्याच्या बिलाचे सॉफ्टवेअर स्वतःच्याच दोन डेटाबेसमध्ये घोळ घालते, तिथे ही मुदत कोण लावणार?

असे सॉफ्टवेअर विकत घेणाऱ्या संस्थाचालकांनी पैसे देण्याआधी एकच मागणी करावी: व्यवहार चालू असताना दुसरा डेटाबेस बंद करा आणि पहिल्यात काय उरले ते आमच्यासमोर दाखवा.