रांगेतला फुटबॉल

मंडळी, बरेच दिवस इकडे फिरकलो नाही. भातकापणी, मग घरातलं लग्न, मग माझा गुडघा... असो. आज जरा भांडायला बसलोय. ज्यांना ‘आमच्या वेळी मैदानावर काय शिस्त होती!’ असं वाटतं, त्यांना हा लेख आवडणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

गोष्ट ऑगस्टातली. तालुक्याच्या शालेय स्पर्धा तोंडावर आल्या होत्या. आमच्या कडावच्या आसपासच्या एका शाळेच्या मैदानाकडेला मी छत्री घेऊन उभा होतो. (शाळेचं नाव विचारू नका, सांगणार नाही.) शेजारची बारा वर्षांची पोर मुलींच्या फुटबॉल संघात होती आणि अंधार पडायच्या आत तिला घरी आणायचं काम माझ्याकडे. रिकामा उभा होतो म्हणून घड्याळ लावलं. पस्तीस वर्षं तासिका मोजल्यात, सवय जात नाही.

मुली अठरा. सराव सव्वा तासाचा. पहिली वीस मिनिटं मैदानाला फेऱ्या आणि हातपाय हलवणं. पुढची पंधरा मिनिटं कोचचं भाषण, त्यात फळ्यावर ४-४-२ ची आकृती. मग वीस मिनिटं गोलवर किक मारायचा सराव : एक रांग, एक चेंडू, एक गोलपोस्ट. एकीनं मारायचं, चेंडू चिखलातून परत यायची वाट बघायची, मग दुसरीनं मारायचं. एका मुलीमागे वीस सेकंद धरा. अठरा मुलींची रांग संपायला सहा मिनिटं. म्हणजे वीस मिनिटांत प्रत्येकीच्या वाट्याला तीन किका! शेवटची वीस मिनिटं नऊ विरुद्ध नऊ असा सामना. त्यात सात-आठ मुलींच्या पायाला चेंडू लागला असेल नसेल. बाकीच्या त्याच्या मागे पळाल्या, आणि दोघी-तिघी पळायच्याही थांबल्या.

येताना मी तिला विचारलं, “आज किती वेळा बॉल मिळाला गं?”

“तीन वेळा, आबा. आणि एकदा नाल्यात गेला तेव्हा आणायला मीच गेले.”

सव्वा तासाचं हे उत्पन्न.

वर्गात असं करून बघा. अठरा मुलं, बालभारतीचं पुस्तक एकच, आणि प्रत्येकानं रांगेत येऊन एक ओळ वाचायची. बाकीच्यांनी हात मागे बांधून उभं राहायचं. अशा शिक्षकाला तपासणीला आलेला साहेब काय म्हणेल? मैदानावर मात्र हेच चाललं तर लोक म्हणतात, “वा, काय शिस्तीत सराव घेतायत!”

आता त्या कोचबद्दल. तो पोरगा वाईट नाही. घसा बसेपर्यंत ओरडत होता, पावसात मुलींच्या बरोबरीनं भिजत होता. त्याला कुणीतरी असंच शिकवलं, त्याला आणखी कुणीतरी. त्या साखळीतली एक कडी मी स्वतः आहे, म्हणून मला जास्त राग येतो.

१९८६ साली मॅराडोनाच्या अर्जेंटिनानं विश्वचषक जिंकला आणि शाळेतल्या पोरांना फुटबॉलचं वेड लागलं. खेळाचा शिक्षक नव्हता. मी बी.ए. मराठीचा, पण अंगानं सडपातळ, म्हणून खेळाचा तास माझ्या गळ्यात पडला. चेंडू एक. त्यात हवा सायकलच्या दुकानात भरायची. मला येत होतं ते मी केलं. पोरांना पळवलं, रांगा लावल्या, आणि वर्तमानपत्रात आलेली एक आकृती वहीत उतरवून प्रत्येकाला जागा वाटून दिली. एक कातकरी पोरगा होता, वाऱ्यासारखा. त्याला मी मागे उभं केलं आणि दरडावलं, “इथून हलायचं नाही.” तो आठवडाभर हलला नाही. मग यायचाच बंद झाला. मी हजेरीत गैरहजेरी मांडली. मनात म्हटलं, गेला असेल आईबापाबरोबर वीटभट्टीवर.

तो भट्टीवर गेला नव्हता. एका संध्याकाळी मला नदीकाठच्या वाळूत दिसला. चिंध्यांचा चेंडू, तीन विरुद्ध तीन, चपलांचे गोल. हा पोरगा चेंडू पायात यायच्या आधीच मान वळवून बघत होता की आपला गडी कुठे आहे. चेंडू सोडला की तिथेच उभा न राहता मोकळ्या जागेत पळत होता. चेंडू पुन्हा त्याच्याकडेच येत होता. मी झाडामागे उभा राहून बघितलं आणि तसाच घरी आलो. त्याला परत बोलवायला गेलो नाही. गुरुजींचा अहंकार, दुसरं काय! चाळीस वर्षं होत आली, पण ती वाळू डोळ्यांसमोरून जात नाही.

त्या वाळूत जे चाललं होतं, त्यालाच डावपेच म्हणतात हे मला फार उशिरा कळलं. डावपेच म्हणजे फळ्यावरचे आकडे नव्हेत. चेंडू माझ्याकडे येतोय, समोर एक आहे, डावीकडे आपला एक मोकळा आहे, आता काय करू, हा पाव सेकंदाचा निर्णय म्हणजे डावपेच. रांगेत उभ्या असलेल्या मुलीपुढे असा निर्णय येतच नाही. तिच्यासमोर विरोधक नाही, बाजूला सोबती नाही. स्थिर चेंडू आणि मोकळा गोल, सामन्यात असं कधी मिळतं?

आणि ही अक्कल आपल्या मुलांना परकी आहे का हो? आपला रायगड कबड्डीचा जिल्हा. आपल्या पोराला कुणी सांगावं लागत नाही की चढाई करणारा आत आला की लगेच झेप घ्यायची नाही. त्याला आत येऊ द्यायचं, कोपऱ्याकडे दाबायचं, त्याची पाठ वळली की एकानं पायात शिरायचं आणि त्याच क्षणी साखळीनं वरून झडप घालायची. फुटबॉलच्या बचावात वेगळं काय असतं? चेंडूवाल्याला कडेला ढकला, एकानं अडवा, दुसऱ्यानं त्याच्या मागची जागा सांभाळा. कोचनं नुसतं एवढं म्हणावं, “समोरची चढाईला आलीय असं समज,” पोरगी लगेच समजेल. पण आम्हाला डावपेच हवेत ते मोबाईलवरच्या व्हिडिओतले.

बाहेरचंच हवं असेल तर तेही घ्या. बेल्जियमनं २००० साली नेदरलँड्सबरोबर युरो स्पर्धा भरवली आणि स्वतः साखळीतच बाद झाला. मग त्यांच्या फुटबॉल महासंघानं मिशेल साब्लों यांच्या पुढाकारानं लहान मुलांचा खेळच बदलला. आधी दोन विरुद्ध दोन, मग पाच विरुद्ध पाच, मग आठ विरुद्ध आठ. अकराचा खेळ नंतर. २०१८ च्या विश्वचषकात तो एवढासा देश तिसरा आला. जर्मनीत हॉर्स्ट वाइन नावाचे मूळचे हॉकीचे प्रशिक्षक होते. त्यांनी तीन विरुद्ध तीन आणि चार छोटे गोल असा खेळ बसवला. एक गोल अडवला तर दुसरा मोकळा, म्हणजे मुलाला मान वर करून बघावंच लागतं. २०२४ पासून जर्मनीत लहान वयोगटांना असेच छोटे खेळ सक्तीचे झाले आहेत. आमच्या वाळूतल्या पोरानं अडतीस वर्षं आधी केलं होतं, चेंडू मात्र चिंध्यांचा होता.

आणि आपण? २०१७ साली सतरा वर्षांखालील विश्वचषक भारतात झाला. नव्या मुंबईत सामने झाले, कर्जतहून लोकलनं जाण्यासारखे. त्याआधी १५ सप्टेंबरला राज्यभर लाखो मुलांना एकाच दिवशी फुटबॉल खेळवलं गेलं, शाळाशाळांना चेंडू मिळाले. कोल्हापूरचा अनिकेत जाधव भारताच्या संघात होता याचा मला कोण आनंद! भारत तिन्ही सामने हरला, त्याचं मला दुःख नाही. दुःख याचं, की पुढे एका शाळेच्या कपाटात मी त्या वेळचा चेंडू पाहिला, प्लास्टिकच्या पिशवीत, नवा कोरा. खराब होईल म्हणून ठेवलाय म्हणे!

म्हणून ‘पैसे नाहीत’ हे कारण मी ऐकून घेत नाही. ऑगस्टातल्या त्या संघाला ट्रॅकसूट होते. गेटवर पुढाऱ्यांच्या फोटोंचा फ्लेक्स होता. चेंडू दोन होते, त्यातला एक बसलेला.

दुसरं कारण स्टॅमिना. ‘आधी दम वाढू दे, मग चेंडू.’ अहो, तीन विरुद्ध तीन चार मिनिटं खेळवून बघा, पोरं गुडघ्यावर हात ठेवून वाकतात की नाही ते. शिवाय अठरा मुलींचे सहा-सहाचे तीन गट केले आणि तीन चेंडू दिले, तर वीस मिनिटांच्या वाटणीत एकेकीला तीन मिनिटं वीस सेकंद येतात. नऊ विरुद्ध नऊमध्ये जेमतेम एक मिनिट सात सेकंद. तिप्पट! हे गणित पाचवीच्या पोराला जमेल.

आपल्याकडची खरी अडचण पाऊस आहे, आणि तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. शाळा उघडते जूनच्या मध्यावर, स्पर्धा येतात ऑगस्ट-सप्टेंबरात, आणि आमच्या तालुक्यात तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस याच दिवसांत कोसळतो. त्या चिखलात जमिनीवरून दिलेला छोटा पास तीन फुटांवर रुसून बसतो. कोच बाहेरून ओरडतो, “पास दे, पास दे!” पोरगी देते, चेंडू डबक्यात थांबतो, समोरची घेऊन जाते, आणि बोलणी हिला. चिखलात चेंडू थोडा उचलून द्यावा लागतो, हे तिला सरावात कुणी सांगितलं? पास शिकायचा तर जमीन कोरडी हवी. ती आपल्याकडे कापणीनंतर मिळते, सात महिने. त्या सात महिन्यांत शाळांचा फुटबॉल झोपलेला असतो. मैदानं नाहीत म्हणावं तर आमच्याकडे एकेका फार्महाऊसला एवढं हिरवंगार लॉन आहे की विचारू नका. मालक मुंबईला, लॉनला कुलूप.

पुण्याच्या ताईनं फोनवर हे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “दादा, तू सत्तरी उलटल्यावर हे कशाला उकरून काढतोस? तो कोच दुखावेल.” दुखावला. मी ऑगस्टातच त्याच्याशी बोललो होतो. आधी म्हणाला, “सर, तुमचा विषय मराठी ना?” मी म्हटलं, “हो, म्हणूनच घड्याळ लावलं.” हसला नाही. पण चार दिवसांनी त्यानं शेवटच्या वीस मिनिटांत दोन चेंडू आत टाकले आणि मैदान मधोमध चुन्याच्या रेषेनं तोडलं. मुली स्पर्धेत पहिल्याच फेरीत हरल्या. चमत्कार वगैरे काही झाला नाही.

आता भात निघालंय. आमच्या मागच्या खाचराचा मालक माझा जुना विद्यार्थी, त्यानं मार्चपर्यंत जागा वापरायला दिलीय. बांध आहेत तसेच ठेवायचे, एकेका खाचरात सहा मुलं. धसकटं पायाला टोचतात, ती काढायचं काम चालू आहे. गोल म्हणून विटा. फेऱ्या नाहीत, फळा नाही, शिट्टी माझ्याकडे आहे पण खिशात. रविवारी सकाळी सात वाजता. तो कोच येतो म्हणालाय. चेंडू तीन जमलेत. चौथा आणि पाचवा कल्याणच्या भाच्यानं कबूल केलाय (बघ रे, आता इथे लिहिलंय, सगळ्यांनी वाचलं). आणि कुणाकडे लहान मुलांच्या मापाचा, म्हणजे चार नंबरचा, जुना चेंडू पडून असेल तर कळवा. हवा गेलेला असला तरी चालेल.