हौसेला मोल नसते म्हणे!

क्रोशाचे तोरण, ताटावरचा रुमाल, चौरंगावर घालायचा जाळीदार कपडा, बाळाचे टोपडे... यातले काही ना काही हाताने करणारी एखादी बाई तुमच्या नात्यात किंवा शेजारात नक्की असेल. तिने केलेली वस्तू दाखवली की तिला ऐकावे लागणारे वाक्यही ठरलेले आहे. "किती सुंदर गो! म्हाका एक करून दी. सुताचे पैसे मी देते."

आज मला या वाक्याशी भांडायचे आहे. त्यातल्या कौतुकाशी नव्हे, 'सुताचे पैसे' या दोन शब्दांशी.

मी सरकारी कचेरीत कारकुनी करते, त्यामुळे आधी हिशेब मांडते. शंभर फुले जोडून केलेला एक टेबलक्लॉथ घेऊ. वीस नंबरचे सूत, बारीक पोलादी सुई. सरावलेल्या हाताला एका फुलाला चाळीस मिनिटे लागतात असे धरू. शंभर फुलांची झाली ४,००० मिनिटे, म्हणजे ६६ तास ४० मिनिटे. फुले एकमेकांना जोडणे, कडेची किनार, मग धुऊन, खळ देऊन, टाचण्या लावून वाळवणे, हे सगळे वेगळेच. कचेरीच्या आठ तासांच्या दिवसाने मोजले तर आठ दिवसांपेक्षा जास्त काम! आता कुणी मोठ्या मनाने सुताचे पैसे आणि वर पाचशे रुपये दिले, तर त्या बाईला तासाला पडले साडेसात रुपये. आणि हे मोठ्या मनाच्या माणसाचे झाले. बाकीचे फक्त सुताचे देतात.

यावर पहिले उत्तर येते ते असे, की ती घरातच असते, टीव्ही बघता बघता करते, तिचा फावला वेळ आहे तो. बरे, मग फावला वेळ म्हणजे फुकटचा वेळ का? आम्हा सरकारी नोकरांना निवडणुकीच्या कामाला लावतात, त्याचे मानधन मिळते. ते यायला उशीर झाला तर कचेरीतल्या चहाच्या वेळेला दुसरा विषय नसतो. आमचा रविवार मोजायचा आणि दिवसभराची रांधपाची, उष्ट्याखरकट्याची कामे उरकून रात्री दिव्याखाली डोळे ताणणाऱ्या बाईचा वेळ मात्र 'फावला' म्हणायचा, हा कुठला न्याय?

दुसरे उत्तर बाजाराचे. "दुकानात दीडशे रुपयांत मिळतो की असा रुमाल! तू पाचशे कशी सांगतेस?" या उत्तराकडे नीट बघायला हवे, कारण त्यामागे एक मोठा गैरसमज आहे. लोकांना वाटते, दुकानातला माल यंत्रावर निघतो म्हणून स्वस्त. लोकर विणायची यंत्रे आहेत, भरतकामाची आहेत. पण खरे क्रोशाकाम करणारे यंत्र बाजारात आलेले नाही. दोन सुयांच्या विणकामात ओळीचे सगळे टाके सुईवर उभे असतात, ते यंत्राला पेलतात. क्रोशात साखळी घ्या, मुका खांब घ्या की लांब खांब, एक टाका पुरा झाल्यावर सुईवर एकच फास उरतो आणि पुढचा टाका नेमका कुठल्या घरात घालायचा ते दर वेळी हाताने शोधावे लागते. यंत्रावर निघते ती क्रोशासारखी दिसणारी जाळी. म्हणजे दुकानातला तो दीडशेचा रुमाल एक तर नकली आहे, नाहीतर तोही कुठल्यातरी बाईनेच केला आहे. आणि बाईने केला असेल तर दुकानदाराचा नफा, दलालाचा वाटा, गाडीभाडे आणि सूत वजा करून तिच्या हातावर काय पडले असेल, याचा विचार तुम्हीच करा.

ही नुसती कल्पना नाही. आंध्रात पश्चिम गोदावरी जिल्ह्यात नरसापूर आहे. एकोणिसाव्या शतकात स्कॉटिश मिशनऱ्यांनी तिथल्या बायकांना क्रोशाची लेस शिकवली आणि पुढे तो माल परदेशी जाऊ लागला. मारिया मीस या जर्मन समाजशास्त्रज्ञ बाईंनी त्या कारागीर बायकांवर पुस्तक लिहिले, ते १९८२ साली निघाले. त्यांचा मुद्दा साधा आणि बोचरा होता. या बायका जागतिक बाजारासाठी दिवसदिवस राबत होत्या, पण त्यांना 'घरी बसलेल्या गृहिणी' आणि त्यांच्या कामाला 'रिकाम्या वेळेचा उद्योग' म्हटले जात होते. कामाला काम म्हटले नाही की मजुरीचा प्रश्नच येत नाही! पैसा झाला तो व्यापाऱ्यांचा आणि निर्यातदारांचा. नरसापूरच्या लेसला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, चांगलेच झाले. पण मानांकन नावाला मिळते, मजुरी हाताला मिळावी लागते.

आता कुणी म्हणेल, नरसापूरचे आम्हाला काय? आपल्याकडेही तीच गोष्ट आहे, फक्त दलालाच्या जागी आपण नातेवाईक आहोत. पोर्तुगीज काळापासून क्रोशा गोव्याच्या घराघरांत आहे. ख्रिस्ती घरात ओरातोरच्या कपड्याला त्याची किनार असते, हिंदू घरात दारावर तोरण. चवथ जवळ आली की जाऊबाईला नवे तोरण हवे असते. लग्नाच्या रुखवतात क्रोशाचे कमळ, हंस, विड्याची पाने मांडायची असतात. फोटो सगळ्यांचे निघतात, पण ज्या मावशीने दोन महिने मान मोडून ते केले तिचे नाव कुणी विचारत नाही. केटररचे कार्ड मात्र सगळे मागून घेतात.

तिसरे उत्तर सगळ्यात गोड आणि म्हणूनच सगळ्यात कठीण. "प्रेमाने केलेल्या वस्तूचे मोल का करायचे?" मान्य! आजीने नातवाला टोपडे विणले तर तिने बिल द्यावे असे मी म्हणत नाही. मैत्रिणीच्या नव्या घरासाठी मनापासून केलेला रुमाल ही भेटच आहे. पण भेट देणाऱ्याने ठरवायची असते, घेणाऱ्याने नव्हे. मागून घेतली ती भेट नाही, ती ऑर्डर. आणि ऑर्डरला दर असतो. प्रेमाचा दाखला देऊन मजुरी बुडवायची, याला आपल्या भाषेत जुना शब्द आहे... वेठ.

काही बायकाच म्हणतात, "पैसे कसे मागायचे? बरे दिसत नाही." अगं बायांनो, शिंपी मागतो, सुतार मागतो, माटोळीचे सामान विकणारी बाजारात बसून मागते. त्यात त्यांना वाईट दिसत नाही. वस्तू दाखवताना तास सांगत जा. "हे चाळीस तासांचे काम आहे" एवढेच वाक्य. पुढचा माणूस समजदार असेल तर दर विचारील, नसेल तर निदान 'सुताचे पैसे' म्हणायला चाचरेल.

आणि घेणाऱ्यांना एवढेच सांगणे. या चवथीला तोरण हवे असेल तर आधी दर विचारा आणि जमत असेल तर द्या. परवडत नसेल तर बाजारातून प्लास्टिकच्या फुलांचे आणा, त्यात कमीपणा काही नाही. कमीपणा आहे तो कुणाच्या तरी डोळ्यांचे सहासष्ट तास घेऊन वर 'तिला हौस आहे' म्हणण्यात. हौस तिची आहे हे खरे, पण टेबलक्लॉथ तुमच्या टेबलावर आहे ना?