वाड्याला कुलूप, परसदार उघडे

शुक्रवार म्हणजे आम्हा कुवेतवाल्यांचा सुट्टीचा वार. सुलैबियातल्या खोलीवर चहा टाकला होता, तेवढ्यात गावाहून बाबांचा फोन. "अरे, पतसंस्थेची साइट धोका आहे म्हणतेय. ऑफिसात विचारलं तर म्हणाले, 'ॲडव्हान्स्ड'वर दाबा आणि पुढे जा." बाबा पुढे गेलेही होते!

मी तपासले. मुख्य साइटचे सुरक्षा प्रमाणपत्र ठीक होते. पण खातेदारांचे पान वेगळ्या सबडोमेनवर होते आणि त्याचे नाव प्रमाणपत्रात नव्हतेच.

हे कसे होते? आपण सगळे सातबारा पाहतो, तेच उदाहरण घेऊ. 'महाभूमी डॉट गव्ह डॉट इन' या नावाखाली 'भूलेख' आणि 'डिजिटल सातबारा' अशी सबडोमेन आहेत. अशा ठिकाणी तारका लावलेले एक वाइल्डकार्ड प्रमाणपत्र दोन्हींना पुरते. पण ते एकाच पायरीपुरते. 'भूलेख'च्या आधी आणखी एखादे नाव जोडले, तर ते त्यात येत नाही. नुसते मूळ नावही वेगळे नोंदवावे लागते.

पैशांची सबब सांगू नये. 'लेट्स एन्क्रिप्ट' २०१५ पासून प्रमाणपत्रे फुकट देते, २०१८ पासून वाइल्डकार्डही. उलट मुदत आता आखडत चालली आहे: पूर्वी जास्तीत जास्त ३९८ दिवस, मार्च २०२६ पासून २००, मार्च २०२७ पासून १०० आणि मार्च २०२९ पासून फक्त ४७. म्हणजे वहीत तारीख लिहून हाताने नूतनीकरण करण्याचे दिवस संपले. संस्थांनी आधी आपल्या सगळ्या सबडोमेनची यादी करावी. दिलेल्या प्रमाणपत्रांची नोंद सार्वजनिक असते. 'सीआरटी डॉट एसएच'वर शोधले तर विसरलेली नावेही हाती लागतात. मग यादीतले प्रत्येक नाव उघडून पाहावे आणि नूतनीकरण आपोआप होईल अशी सोय करावी.

पण माझी खरी तक्रार त्या 'पुढे जा'बद्दल आहे. मधे कुणी चोर बसला, तरी हीच सूचना दिसते. आज आपणच म्हाताऱ्या माणसांना ती ओलांडायला शिकवली, तर उद्या खऱ्या धोक्याच्या वेळी ते थांबतील कशाला?

बाबांना शाखेत जाऊन पासवर्ड बदलून घ्यायला सांगितले. परदेशातल्या मंडळींनो, आज घरी फोन कराल तेव्हा एवढे सांगाच: सूचना दिसली की पान बंद. आणि नुसते कुलूप दिसले म्हणून विश्वास नको. प्रमाणपत्र चोरालाही फुकटच मिळते.

– एक वाचक, सुलैबिया, कुवेत