कोठीची किल्ली

माझी नात जीवशास्त्र शिकते. परवां तिला मीं थट्टेनें विचारलें, "काय गं, तुमच्या त्या जंतूंना अक्कल असते का?" ती म्हणाली, "अक्कल नाहीं, आजोबा. पण आजीच्या कोठीसारखी व्यवस्था असते."

उपमा मोठी समर्पक आहे. कोठींत सर्व कांहीं भरलेलें असतें. परंतु वडील बाईच्या कमरेची किल्ली फिरल्यावांचून पसाभर डाळ बाहेर येत नाहीं. आपल्या आंतड्यांत राहणाऱ्या 'ई. कोलाय' या जंतूचेंही तसेंच. दुग्धशर्करेच्या उपयोगासाठीं लागणारीं त्याचीं तीन जनुकें एका ओळींत असून एकाच आज्ञेनें जागीं होतात. अशा रचनेस 'ऑपेरॉन' म्हणतात. तिच्या उंबरठ्यावर एक प्रथिन पहारेकऱ्याप्रमाणें वाट अडवून बसतें. दुग्धशर्करा आली कीं तिच्यापासून झालेला एक पदार्थ त्यास चिकटतो, त्याची पकड सुटते व काम सुरू होतें. मात्र द्राक्षशर्करा भरपूर असेल तोंवर जंतु ही खटपट फारशी करीत नाहीं. फ्रान्समधील जाकोब व मोनो यांनीं हा उलगडा १९६१ सालीं मांडला; १९६५ सालीं ल्वोफ यांच्यासह त्यांस नोबेल पारितोषिक मिळालें.

आम्हां यवतमाळकरांस याचें काय, असें कोणी म्हणेल. आमच्या बीटी कपाशींत 'बॅसिलस थुरिंजिएन्सिस' या जंतूपासून घेतलेलें जनुक आहे. तो जंतु अळीस मारक असें प्रथिन मुख्यतः बीजाणु बनवितांनाच तयार करतो. कपाशींत मात्र त्या जनुकास फुलकोबीच्या एका विषाणूची किल्ली जोडली. ती सदैव फिरलेलीच! पान, पातें, बोंड, सर्वत्र तें प्रथिन कमीअधिक बनतच राहतें.

२००२ सालीं या वाणांस परवानगी मिळाली आणि आरंभीं शेतकऱ्यांस मोठा दिलासा लाभला, हें खरें. परंतु मारा अखंड असला कीं त्यास न जुमानणाऱ्या अळ्याच तेवढ्या उरतात व वाढतात. भोंवतीं साध्या कपाशीचा पट्टा ठेवावा, हा नियम फारसा कोणी पाळला नाहीं. २०१७ सालीं गुलाबी बोंडअळीनें विदर्भांत कहर केला. त्याच हंगामांत आपल्या जिल्ह्यांत कित्येक शेतकरी व मजूर फवारणीच्या विषबाधेनें दगावले.

जनुकाची किल्ली आपल्या हातीं नाहीं, हंगामाची आहे. साध्या कपाशीस जागा द्यावी, पीक वेळेवर काढावें, फरदडीचा लोभ धरूं नये. कोठी उघडणें कोणासही जमतें. ती वेळीं मिटणें, हाच खरा संसार.